तिकीट कोणी काढले?
(नॉर्वेची कुटुंबे, कोकणची माणसे आणि एकोणिसाव्या शतकातील समुद्रप्रवास)

बी. ए. तृतीय वर्ष, इतिहास

एकोणिसाव्या शतकात युरोपातून अमेरिकेकडे माणसांचा जो लोंढा वाहिला, त्याची हकीकत इतिहासाच्या पुस्तकांत बहुधा एक-दोन परिच्छेदांत आटोपलेली असते. वाढती लोकसंख्या, जमिनीची टंचाई, धार्मिक जाच अशी तीन कारणे पाठ केली की परीक्षेपुरते काम भागते. या वर्षी त्या परिच्छेदांच्या पलीकडे जाऊन थोडे वाचन करावे असे मी ठरवले आणि त्यासाठी नॉर्वे हा लहानसा देश निवडला. वाचता वाचता एक प्रश्न मात्र सारखा आडवा येऊ लागला. ज्या दशकांत नॉर्वेचे शेतकरी बायकामुलांसह गलबतात बसून अमेरिकेच्या वाटेला लागत होते, त्याच दशकांत आपली मराठी माणसेही मुंबई बंदरातून जहाजात चढत होती. ती कोठे गेली, कोणाच्या पैशाने गेली आणि त्यांचे पुढे काय झाले?

ती गेली मॉरिशसला. आफ्रिकेच्या पूर्वेस, मादागास्करच्याही पलीकडे, हिंदी महासागरात हे बेट आहे. प्रस्तुत लेखात या दोन प्रवासांची तुलना करण्याचा प्रयत्न केला आहे. गरिबी दोन्हीकडे होती, समुद्र दोन्हीकडे होता, रोगराईही दोन्हीकडे होती. तरीही एका प्रवासातून जमीनदार निर्माण झाले आणि दुसऱ्यातून प्रथम कैद्यासारखे वागवले गेलेले मजूर निर्माण झाले. हा फरक माणसांच्या गुणदोषांमुळे पडला असे मला वाटत नाही. प्रवासाचे तिकीट कोणी काढले, या एका प्रश्नाच्या उत्तरात तो बराचसा दडलेला आहे.

नॉर्वेहून निघालेली गलबते

नॉर्वे हा डोंगरांचा आणि खाड्यांचा देश. एकूण भूमीपैकी जेमतेम तीन टक्के जमीन लागवडीची. १८०१ मध्ये या देशाची लोकसंख्या नऊ लाखांच्या आत होती, ती १८६५ पर्यंत सतरा लाखांवर गेली. युद्धे थांबली होती, देवीची लस आली होती आणि बटाट्याचे पीक घरोघर पोचले होते. त्यामुळे मुले जगू लागली. परंतु वडिलोपार्जित शेत बहुधा थोरल्या मुलाकडे जाई. धाकट्यांना दुसऱ्याच्या जमिनीच्या कडेला झोपडी बांधून, मालकाच्या शेतावर राबून दिवस काढावे लागत. आपल्याकडील कुळांची स्थिती ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही.

४ जुलै १८२५ रोजी स्टॅव्हँगर या बंदरातून ‘रेस्टोरेशन’ नावाचे एक छोटे गलबत निघाले. त्यावर खलाशी धरून ५२ माणसे होती आणि त्यांत बरीच कुटुंबे होती. त्यांपैकी पुष्कळजण सरकारमान्य चर्चच्या चौकटीबाहेरचे, क्वेकर पंथाचे किंवा त्याच्या जवळचे होते. सुमारे चौदा आठवड्यांनी, ९ ऑक्टोबर १८२५ रोजी ते न्यूयॉर्कला लागले तेव्हा माणसे ५३ झाली होती, कारण वाटेत एक मूल जन्मले होते. एवढ्याशा गलबतात कायद्यापेक्षा जास्त माणसे आणली म्हणून ते जप्त झाले आणि शेवटी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी दंड माफ केला. तेथून पुढच्या शंभर वर्षांत आठ लाखांहून अधिक नॉर्वेजियन माणसे देश सोडून गेली. लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिले तर युरोपात आयर्लंडच्या खालोखाल नॉर्वेचाच क्रमांक लागतो.

हा प्रवास सुखाचा नव्हता. आगबोटी सुरू होण्यापूर्वी शिडाच्या गलबताला सहा ते बारा आठवडे लागत. १८४९ मध्ये इंग्लंडने नौकानयनाचे जुने निर्बंध उठवले, तेव्हापासून नॉर्वेची गलबते क्विबेकला माणसे नेऊ लागली आणि येताना लाकूड भरून आणू लागली. म्हणजे ज्या तळघरात परतीला ओंडके रचायचे, त्याच तळघरात जाताना फळ्या ठोकून माणसे झोपवलेली असत. शिधा ज्याचा त्याने आणायचा. पातळ कडक भाकऱ्या, वाळवलेले मांस, खारवलेले मासे आणि आंबवलेले दूध पेटाऱ्यात भरून कुटुंब निघे. गोवर आणि कॉलरा जहाजात शिरला की लहान मुले आधी जात.

तरीही एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हे प्रवासी आपले किडूकमिडूक विकून, भाडे भरून निघत. पुढे पुढे तर कित्येकांची तिकिटे आधी गेलेल्या भावाने वा काकाने अमेरिकेतून काढून पाठवलेली असत. ते पैसे फेडायचे असले तरी ते देणे घरचे होते. न्यूयॉर्कच्या किंवा क्विबेकच्या धक्क्यावर उतरल्यावर कोणत्या शेतावर राबायचे, कोणत्या गावी जायचे आणि मालक पटला नाही तर दुसरा कसा शोधायचा, हे ठरवण्यास माणूस मोकळा होता.

मुंबईहून निघालेली जहाजे

आता मुंबई बंदराकडे वळू. त्यासाठी आधी मॉरिशसची स्थिती पाहिली पाहिजे. १८१० मध्ये इंग्रजांनी हे बेट फ्रेंचांकडून जिंकले, परंतु उसाचे मळे फ्रेंच वंशाच्या मालकांकडेच राहिले. त्या मळ्यांवर आफ्रिका व मादागास्करहून आणलेले गुलाम राबत. १ फेब्रुवारी १८३५ रोजी तेथे गुलामगिरी संपुष्टात आली. मळेवाल्यांना स्वस्त हातांची गरज होती आणि हिंदुस्थानात रिकामे हात भरपूर होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजीच ‘अ‍ॅटलस’ हे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला पोचले होते. पाच वर्षांचा करार आणि महिना पाच रुपये पगार, अशी बोली होती.

त्या ३६ जणांपासून जी रीघ लागली, ती विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत चालू राहिली. या काळात सुमारे साडेचार लाख हिंदी माणसे मॉरिशसला उतरली. मजुरांच्या हालांविषयी कलकत्त्यात आणि लंडनमध्ये ओरड झाल्यावर १८३९ मध्ये सरकारने ही वाहतूक बंद केली. परंतु मळेवाल्यांचा रेटा मोठा होता. १८४२ च्या कायद्याने ती पुन्हा सुरू झाली आणि कलकत्ता, मद्रास व मुंबई या तीन बंदरांना त्यासाठी परवानगी मिळाली. सर्वांत जास्त माणसे कलकत्त्याहून म्हणजे बिहार व पूर्वेकडील भागातून गेली, त्या खालोखाल मद्रासहून आणि सर्वांत कमी मुंबईहून. मुंबईकडून गेलेल्यांत मराठी माणसांचा भरणा मोठा होता. रत्नागिरी, सावंतवाडी, कुलाबा, सातारा ही त्यांची मुलखे.

कोकणच का, याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. कातळाची जमीन, वर्षातून एक भाताचे पीक, गावावर खोताचा अंमल आणि घरटी वाढती तोंडे. धाकट्या मुलाला जमीन पुरत नाही, हे दुखणे स्टॅव्हँगरचे होते तसेच राजापूर-मालवणचेही होते. शिवाय कोकणी माणसाला समुद्राचे भय कमी आणि मुंबई जवळची. पुढे १८५४ नंतर मुंबईत कापडाच्या गिरण्या निघू लागल्या, तेव्हा हाच माणूस मोठ्या संख्येने गिरणीकडे वळला आणि मॉरिशसची वाट हळूहळू ओस पडली.

मुंबईला भरती करणारा मुकादम त्या बेटाचे वर्णन कसे करीत असेल, याची कल्पना उत्तरेकडील मजुरांत रूढ असलेल्या गोष्टींवरून करता येते. त्यांनी मॉरिशसला ‘मिरिच देश’ असे नाव दिले होते. तेथे दगड उलटला की खाली सोने सापडते, असे त्यांना सांगितले जाई. आपल्या पिंपळगावच्या मिरची बाजाराशी या मिरिचचा काही संबंध नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. परंतु तोंडाची आग मात्र दोन्हीकडे सारखीच झाली.

मॉरिशसला पोचेपर्यंत वाऱ्याच्या लहरीप्रमाणे महिना ते दोन महिने जात. जहाजावर तांदूळ, डाळ, मीठ आणि एक घोंगडी मिळे. कॉलऱ्याची शंका आली तर जहाजाला बंदरात घेत नसत. १८५६ मध्ये कलकत्त्याहून आलेल्या दोन जहाजांतील माणसांना गॅब्रिएल नावाच्या ओसाड बेटावर उतरवून ठेवण्यात आले आणि तेथे निवारा व पाणी यांच्या अभावी शेकडो माणसे दगावली. जी माणसे सुखरूप पोचत, ती पोर्ट लुईच्या धक्क्यावरील दगडी पायऱ्या चढून डेपोत जात. या जागेला पूर्वी ‘कुली घाट’ म्हणत. आज ती ‘आप्रवासी घाट’ म्हणून ओळखली जाते आणि २००६ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशाच्या यादीत घेतले आहे. २ नोव्हेंबर हा दिवस मॉरिशसमध्ये राष्ट्रीय सुट्टीचा असतो.

करार नावाचे गिरमिट

आपल्याकडे गिरमिट म्हणजे लाकडाला भोक पाडण्याचे सुताराचे हत्यार. फिजी, नाताळ इत्यादी वसाहतींत गेलेल्या हिंदी मजुरांनी ‘अ‍ॅग्रीमेंट’ या इंग्रजी शब्दाचे गिरमिट केले आणि ते स्वतः गिरमिटिये झाले. हा अपभ्रंश किती बोलका आहे! मजुरावर जहाजभाड्याचा खर्च मळेवाला करी. सुरुवातीच्या करारांत काही महिन्यांचा पगार आगाऊ देण्याचीही पद्धत होती. म्हणजे बोटीत पाय ठेवण्यापूर्वीच माणूस देणेकरी झालेला असे. नॉर्वेच्या शेतकऱ्याने तिकीट विकत घेतले. येथे तिकीट काढणाऱ्याने शेतकरीच विकत घेतला, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरणार नाही.

कराराची मुदत कायद्याप्रमाणे बदलत गेली, कधी एक वर्ष, कधी तीन, कधी पाच. परंतु मुदतीपेक्षा जाचक होत्या त्या अटी. मजूर एक दिवस गैरहजर राहिला तर दोन दिवसांचा पगार कापला जाई. ही ‘दुहेरी कपात’ मॉरिशसच्या मजुरांच्या इतिहासात कुप्रसिद्ध आहे. परवानगीवाचून मळा सोडणे हा दिवाणी मामला नव्हता, तो फौजदारी गुन्हा होता. मळा सोडून गेलेला मजूर सापडला की त्याला पकडून कैदेत टाकत.

बरे, करार संपला म्हणजे माणूस सुटला असेही नव्हते. १८६७ च्या कायद्याने ज्यांचे करार संपले होते अशा ‘जुन्या आप्रवाशांनी’ सुद्धा आपले छायाचित्र लावलेला परवाना सतत जवळ बाळगावा, असे फर्मान निघाले. परवाना घरी विसरून बाजारात गेलेला माणूस भटक्या म्हणून पकडला जाऊ शके. परवाना हरवला तर दुसऱ्यासाठी एक पौंड मोजावा लागे, म्हणजे जवळपास दोन महिन्यांचा पगार.

या व्यवस्थेविरुद्ध अखेर आवाज उठला. अ‍ॅडॉल्फ द प्लेवित्झ नावाच्या एका युरोपीय मळेवाल्याच्या साहाय्याने १८७१ मध्ये ९,४०१ जुन्या आप्रवाशांनी गव्हर्नरकडे एक अर्ज दिला. कारण नसताना होणारी धरपकड, परवान्यांचा जाच, छायाचित्राचा भुर्दंड या साऱ्या तक्रारी त्यात होत्या. मळेवाले द प्लेवित्झवर खवळले. परंतु लंडनहून चौकशी आयोग आला, १८७५ मध्ये त्याचा अहवाल निघाला आणि १८७८ मध्ये मजुरांचा कायदा नव्याने लिहिला गेला.

या प्रकरणात एक मराठी दुवाही आहे. गुहागर तालुक्यातील कोतळूक या गावी जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९१० मध्ये नाताळकडे जाणारी मजूरभरती थांबवण्याचा ठराव मध्यवर्ती कायदे मंडळात मांडला आणि तो मान्य झाला. मार्च १९१२ मध्ये त्यांनी ही करारपद्धतीच सर्वत्र बंद करावी असा ठराव आणला. तो २२ विरुद्ध ३३ मतांनी फेटाळला गेला. तथापि ठराव पडला तरी पद्धतीची अब्रू गेली ती गेलीच. १९१७ मध्ये हिंदुस्थान सरकारने ती थांबवली. ज्या कोकणातून माणसे करारावर गेली, त्याच कोकणातल्या एका माणसाने त्या कराराविरुद्ध भर सभेत युक्तिवाद केला, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत ठळकपणे यायला हवी.

पत्रे आणि नोंदवह्या

या दोन प्रवासांतील दुसरा फरक मला अभ्यासक म्हणून जास्त जाणवला. नॉर्वेमध्ये अठराव्या शतकातच मुलांना धर्मशिक्षणासाठी वाचायला शिकवणे सक्तीचे झाले होते. त्यामुळे अमेरिकेला गेलेला साधा शेतकरीही घरी पत्र लिहू शके. ही ‘अमेरिकेची पत्रे’ गावात हातोहात फिरत, चर्चबाहेर वाचली जात, वर्तमानपत्रांत छापली जात. १८३८ मध्ये ओले रिनिंग नावाच्या तरुणाने अमेरिकेची खरी माहिती देणारे एक छोटे पुस्तक लिहिले. तेथील जमीन कशी, भाव काय, मजुरी किती, आजार कोणते याची उत्तरे त्यात होती. तो त्याच वर्षी इलिनॉयमध्ये वारला, परंतु त्याचे पुस्तक वाचून कित्येक कुटुंबांनी निर्णय घेतला. पुढे जाणाऱ्याला मागे राहिलेल्याशी बोलता येत होते आणि थापा मारणाऱ्या दलालाला आळा घालायला एका भावाचे पत्र पुरेसे होते.

कोकणातून गेलेल्या माणसाला अक्षरओळख नव्हती. गावाला पत्र पाठवायचे तर लिहिणाऱ्याला पैसे द्यायचे आणि गावातही वाचून दाखवणारा शोधायचा. त्यामुळे ‘मिरिच’च्या सोन्याची गोष्ट खोटी आहे हे गावाला कळवणार कोण? ज्याला मळेवाला भरतीसाठी परत पाठवी, तो सरदार किंवा मुकादमच गावाला बातमी सांगणारा. आणि त्याची कमाई माणसे नेण्यावरच अवलंबून.

मग या माणसांविषयी आपल्याला कळते तरी कशावरून? सरकारी नोंदवह्यांवरून. पोर्ट लुईच्या कारकुनांनी उतरलेल्या प्रत्येकाला एक क्रमांक दिला. नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, उंची, अंगावरची खूण, जहाज आणि कोणत्या मळ्यावर पाठवले, हे सारे लिहून ठेवले. पुढे छायाचित्रेही काढली. हा हेतू काही इतिहास जपण्याचा नव्हता, पळून गेलेल्याला ओळखता यावे यासाठी होता. आज ह्या वह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केल्या आहेत आणि मॉरिशसचे नागरिक त्यांवरून आपल्या खापरपणजोबांचे गाव शोधतात. पकडण्यासाठी केलेली नोंद शंभर-दीडशे वर्षांनी मुळे शोधण्यासाठी उपयोगी पडावी, हा काळाचा न्यायच म्हणायचा.

परंतु एक लक्षात ठेवले पाहिजे. नॉर्वेच्या माणसाचा इतिहास त्याच्या स्वतःच्या शब्दांत आहे. आपल्या माणसाचा इतिहास कारकुनाच्या शब्दांत आहे. गावाचे नाव कारकुनाने कानाला आले तसे लिहिले. बापाचे किंवा त्याचे स्वतःचे पाळण्यातले नावच पुढे घराण्याचे आडनाव झाले. म्हणून मॉरिशसमधील मराठी घराण्यांत भिवाजी, बाबाजी अशी आडनावे दिसतात. १८७१ चा तो ९,४०१ जणांचा अर्ज म्हणूनच मला फार मोलाचा वाटतो. तो त्यांच्या हाताने लिहिलेला नसेल, पण तक्रार त्यांची स्वतःची होती. ‘अमेरिकेच्या पत्रां’च्या शेजारी ठेवावे असे आपल्या बाजूचे काही असेल तर ते हेच.

जमीन

नॉर्वेच्या माणसाने समुद्र ओलांडला तो जमिनीसाठी. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने अमेरिकेत १६० एकर सरकारी जमीन, पाच वर्षे वस्ती व मशागत केल्यास, नाममात्र शुल्कात मिळू लागली. विस्कॉन्सिन, मिनेसोटा, डकोटा हे प्रदेश नॉर्वेजियन नावांनी भरून गेले. ही जमीन मोकळी मात्र नव्हती. तेथील मूळ रहिवाशांना हुसकावून ती ‘सरकारी’ झाली होती. १८६२ मध्येच मिनेसोटात डकोटा लोकांशी युद्ध झाले आणि त्यांना त्या राज्यातून बाहेर घालवण्यात आले. एका गरिबाला न्याय मिळाला तो दुसऱ्या गरिबाच्या अंगणात, हे सांगितल्याशिवाय ही तुलना प्रामाणिक होणार नाही.

मॉरिशसच्या मजुराला जमीन मिळण्यास दोन पिढ्या लागल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत साखरेचे भाव पडले. अडचणीत आलेल्या मळेवाल्यांनी कडेच्या, कमी प्रतीच्या जमिनीचे तुकडे पाडून विकायला काढले. पै पै साठवलेल्या जुन्या आप्रवाशांनी हे तुकडे घेतले. त्यांत दगड इतके की आधी ते वेचून रास करायची आणि मग ऊस लावायचा. दगडाखाली सोने असते ही मुकादमाची थाप होती. दगड हलवल्यावर खाली शेत निघाले, ते मात्र खरे. साधारण तिसरा हिस्सा माणसे मायदेशी परतली, बाकीची तेथेच राहिली. त्यांच्याच वंशजांनी १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र मॉरिशसचा झेंडा उभारलेला पाहिला.

मराठी मंडळी संख्येने थोडी. परंतु वाकोआ, कास्कावेल अशा गावांत त्यांनी देवळे बांधली. १९०२ मध्ये त्यांनी आपली प्रेमवर्धक मंडळी स्थापन केली. कोकणातली जाखडी तेथे ‘झाकरी’ म्हणून टिकून आहे. गणेशचतुर्थीला तेथे सरकारी सुट्टी असते. घरात क्रिओल बोलली जात असली तरी शाळांतून मराठी शिकवली जाते. १९९१ मध्ये दुसरी जागतिक मराठी परिषदही मॉरिशसलाच भरली. ज्यांना निरोप देताना गावाने ‘गेला तो गेला’ म्हटले असेल, त्यांनी भाषा मात्र जाऊ दिली नाही.

पिंपळगावातून पाहताना

आता कोणी विचारेल, भोकरदन तालुक्यातल्या आपल्या पिंपळगाव रेणुकाईचा याच्याशी संबंध काय? त्या काळी हा भाग निजामाच्या राज्यात होता. जालन्याला रेल्वे आली ती शतक संपता संपता. समुद्र कोणी पाहिलेलाही नसेल. मॉरिशसच्या जहाजांत आपल्या भागातील माणसे शोधत बसण्यात अर्थ नाही.

संबंध आहे तो उसाचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून, त्यात आपल्या जालना जिल्ह्यातूनही, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या पश्चिमेकडे निघतात. मुकादम आधी उचल देतो. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मजुरी टनावर. एखादा दिवस काम बुडाले तर ‘खाडा’ लागतो, म्हणजे मजुरी तर जातेच, वर दंडही कापला जातो. हंगाम संपताना उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावे लागते. मॉरिशसची ‘दुहेरी कपात’ आणि आपल्याकडील खाडा यांच्यामध्ये दीडशे वर्षांचे अंतर आहे. परंतु हिशोबाची रीत मात्र ओळखीची वाटते.

येथे अतिशयोक्ती करण्याचा मोह टाळला पाहिजे. ऊसतोड कामगार स्वतंत्र देशाचा नागरिक आहे, त्याला मत आहे. मळा सोडला म्हणून त्याला तुरुंगात टाकणारा कायदा नाही. उलट १९७६ च्या कायद्याने वेठबिगारीच बेकायदा ठरवली आहे. तो दरवर्षी घरी परततो. हे फरक लहान नाहीत. तरीसुद्धा ‘तिकीट कोणी काढले?’ हा प्रश्न येथेही लावून पाहावा. ट्रॉलीचे भाडे, घरचे धान्य, मुलीच्या लग्नाचा खर्च ज्याच्या उचलीतून निघाला, त्याच्यापुढे मजुरीचा दर ठरवताना माणसाचा आवाज किती चढणार? गरीब माणूस गाव सोडतो यात अपमान काही नाही, नॉर्वेचे अर्धेअधिक गाव असेच उठून गेले. तो स्वतःच्या पैशाने निघाला की दुसऱ्याच्या उचलीवर, यावर पुढचे सारे ठरते.

इतिहासाचा विद्यार्थी उचल फेडू शकत नाही. परंतु नोंद करू शकतो. मॉरिशसच्या मजुरांची नोंद कारकुनाने ठेवली, कारण त्यांना स्वतः लिहिता येत नव्हते. आज आपल्या वर्गातल्या कित्येक मित्रमैत्रिणींचे आईवडील हंगामाला जातात आणि त्यांची मुले पदवीच्या वर्गात बसून हे अंक वाचतात. कोणत्या वर्षी कोण गेले, किती उचल घेतली, किती टन तोडला, किती खाडे लागले, मुलांची शाळा किती महिने बुडाली, हे आपण स्वतः आपल्या अक्षरांत लिहून ठेवू शकतो. मोबाईलवरचे बोलणे बोलल्याबरोबर विरून जाते. ‘अमेरिकेची पत्रे’ उरली कारण ती कागदावर होती.

म्हणून या लेखाच्या शेवटी इतिहास विभागाला व प्राध्यापकांना माझी एक विनंती आहे. येत्या वर्षापासून आपल्या महाविद्यालयाने परिसरातील स्थलांतराची एक वही सुरू करावी. ज्यांची संमती असेल त्यांच्याच नोंदी घ्याव्यात आणि त्यांत नावापुढे क्रमांक घालू नये. अंगावरची खूण आणि उंची लिहायची गरज नाही. त्या माणसाला काय सांगायचे आहे, एवढे त्याच्या शब्दांत लिहावे. शंभर वर्षांनी कोणी आपल्या खापरपणजीचा शोध घेत पिंपळगावला आले, तर त्याला कारकुनाच्या वहीपेक्षा बरे काहीतरी हाती लागेल.